नाकारलेल्यांची वही

महाराष्ट्रात गरिबीला रंग आहे. ही कवितेची भाषा नव्हे, सरकारी नियमाची आहे. १ मे १९९९ पासून या राज्यात शिधापत्रिका तीन रंगांच्या झाल्या. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असेल तर पिवळी, १५,००० च्या वर आणि एक लाखाच्या आत असेल तर केशरी, आणि एक लाख किंवा त्याहून अधिक असेल तर पांढरी. उत्पन्न कमी असले, पण दारात चारचाकी असली किंवा कुटुंबाच्या नावावर चार हेक्टर बागायत असली, तरी कार्ड पांढरेच. (टॅक्सीचालकाला त्याची टॅक्सी तेवढी माफ होती.) हे रंग गहू, तांदूळ, साखर आणि रॉकेल यांच्यासाठी ठरवलेले होते. कोणाच्या पिशवीत किती धान्य घालायचे, एवढाच तेव्हाचा प्रश्न होता. पुढे तेरा वर्षांनी हेच रंग कोणाच्या हृदयाची शस्त्रक्रिया फुकट करायची आणि कोणाची नाही, याचा निवाडा करू लागतील असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसावे.

तो निवाडा सुरू झाला २०१२ साली. त्याआधी १९९७ पासून राज्यात जीवनदायी नावाची योजना होती, पण ती दारिद्र्यरेषेखालच्या माणसांपुरती. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती सगळ्या राज्याला लागू झाली. वर्षाला कुटुंबामागे दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार, मूत्रपिंड बदलायचे असेल तर अडीच लाखांपर्यंत, आणि खासगी रुग्णालयातही एक पैसा न भरता. २०१७ साली योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. पिवळ्याच्या जोडीला केशरी कार्ड घेतले, ही या योजनेची सर्वांत मोठी गोष्ट. तिच्यामुळे अनेक घरांतला कर्ता माणूस वाचला, हे आधी मोकळेपणाने सांगितले पाहिजे. पुढे जे लिहिणार आहे ते योजनेच्या विरोधात नाही. ते तिच्या उंबरठ्याविषयी आहे.

मी आयुष्याची पस्तीस वर्षे बँकेत काढली. त्यामुळे नियम वाचला की हात आपोआप आकडेमोडीकडे वळतो. केशरी कार्डाची एक लाखाची मर्यादा घ्या. ती १९९९ सालची. २०१२ साली आरोग्याच्या योजनेला तीच लावली. मधल्या काळात डाळ, तेल, घरभाडे, एसटीचे तिकीट सगळे वर गेले, मर्यादा मात्र जागच्या जागी. आता एक मजूर जोडपे डोळ्यांसमोर आणा. नवरा-बायको दोघे कामाला जातात, दोघांना दिवसाला दोनशे रुपये मिळतात, आणि महिन्यातले पंचवीस दिवस काम लागते. वर्षाचे झाले एक लाख वीस हजार. म्हणजे नियम अक्षरशः पाळला तर हे दोघे पांढऱ्या कार्डाचे धनी, डॉक्टर, वकील आणि बँक मॅनेजर यांच्या पंक्तीचे! व्यवहारात असे झाले नाही, कारण व्यवहारात कोणी अक्षरशः खरे सांगितले नाही. खरे सांगणारा मजूर श्रीमंत ठरतो, असा ज्या नियमाचा अर्थ निघतो, तो नियम माणसाला खोटे बोलायला लावतो आणि वर त्यालाच लबाड म्हणतो.

उत्पन्नाचा दाखला हा मराठीतला एक दुर्लक्षित साहित्यप्रकार आहे, असे मी मित्रांना नेहमी सांगतो. चार कादंबऱ्या लिहूनही त्यातली सफाई मला साधलेली नाही. १९८० च्या दशकात मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची, म्हणजे आयआरडीपीची, कर्जे आम्ही वाटत असू. म्हैस, शेळ्या, शिलाई मशीन, किराण्याची टपरी. सातव्या पंचवार्षिक योजनेत गरीब कुटुंबाची व्याख्या वर्षाला ६,४०० रुपये अशी होती. माझ्या टेबलावर येणाऱ्या अर्जांत कुटुंब कितीही माणसांचे असो, जमीन माळाची असो की ओढ्याकाठची, उत्पन्न या आकड्याच्या अलीकडेच थांबलेले असे. ज्या माणसाची मिळकत पावसावर, हंगामावर आणि मुकादमाच्या मर्जीवर चालते, त्याला वार्षिक उत्पन्न नावाची गोष्टच नसते. त्याला आजचा दिवस असतो आणि उद्याची काळजी असते. त्या माणसाकडे आपण तहसीलदाराच्या सहीचा एक आकडा मागतो. तो आकडा मिळवायला त्याला दोन दिवसांची मजुरी बुडवावी लागते, आणि मिळालेला आकडा त्याच्याविषयी काहीही सांगत नाही.

उत्पन्न मोजणे कठीण म्हणून मग सरकारने खुणा मोजायचे ठरवले. २०११ साली देशभर सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय गणना झाली. केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली ती याच गणनेच्या आधारावर. कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचे संरक्षण, पण यादी २०११ची. महाराष्ट्रातली सुमारे ८४ लाख कुटुंबे तिच्यात आली. खेड्यात कच्च्या भिंती आणि कच्चे छप्पर असलेली एकच खोली, घरात सोळा ते एकोणसाठ वयाचा एकही प्रौढ नसणे, भूमिहीन असून अंगमेहनतीवर जगणे, अशा वंचितपणाच्या खुणा होत्या. शहरात कचरा वेचणारे, घरकाम करणारे, फेरीवाले, बांधकाम मजूर असे कामाचे वर्ग होते. विचार वाईट नव्हता. दाखल्यापेक्षा भिंत कमी खोटे बोलते.

पण त्याच गणनेत कुटुंबाला वगळण्याच्याही चौदा खुणा होत्या. त्यातली एकही लागली की कुटुंब बाहेर. दुचाकी असणे ही खूण होती. घरात फ्रीज असणे ही खूण होती. टेलिफोनची तार असणे ही होती. आणि पन्नास हजार किंवा त्याहून अधिक मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड असणे हीसुद्धा होती. हे शेवटचे वाचून माझ्यातला बँकवाला थबकला. किसान क्रेडिट कार्ड ही योजना १९९८ची. ती कार्डे मी स्वतः भरून दिलेली आहेत. उसाच्या दोन-तीन एकरांवर पन्नास हजारांची मर्यादा सहज गाठली जाते. ही मर्यादा म्हणजे शेतकऱ्याच्या पेटीतला पैसा नव्हे, त्याच्या डोक्यावर चढू शकणारे कर्ज. सावकाराच्या दारातून उठवून ज्याला आम्ही बँकेच्या दारात आणले, त्याचे ते दारात येणेच त्याच्या श्रीमंतीचा पुरावा ठरले. एका खात्याने कर्ज घे म्हणायचे आणि दुसऱ्या खात्याने कर्ज मिळते म्हणून तू सधन म्हणायचे, हा न्याय कोणत्या वहीतला?

नकाशावरही अशाच रेषा उमटल्या. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे होरपळलेल्या चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना पुढे राज्याच्या योजनेत घेतले गेले. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा. सात-बारा दाखवायचा आणि आत यायचे. निर्णय चांगलाच होता. पण बार्शी तालुका सोलापूर जिल्ह्यात आहे आणि त्याची शीव धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, लागून आहे. दोन्हीकडचे आभाळ एकच, पाऊस दगा देतो तोही एकाच दिवशी. पण शिवेच्या पलीकडचा पांढऱ्या कार्डाचा शेतकरी पात्र आणि अलीकडचा अपात्र. रेषा कुठेतरी ओढावीच लागते हे मला मान्य आहे, तो माझा पस्तीस वर्षांचा धंदाच होता. माझे म्हणणे इतकेच की रेषेच्या दोन बोटे पलीकडे उभ्या असलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे रेषा ओढणाऱ्याने कधीतरी वळून पाहायला हवे.

तसे पाहायची वेळ माझ्यावर आली ती आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींमुळे. ही गोष्ट करोनाच्या आधीची. त्यांच्या नवऱ्याच्या छातीत दुखू लागले. तपासणीत हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा निघाला. योजनेतल्या एका रुग्णालयात त्यांना नेले. कार्ड केशरी, म्हणजे पात्रता पक्की. पण कार्ड होते लातूर जिल्ह्यातल्या गावी, थोरल्या दिराच्या ट्रंकेत. एकत्र कुटुंबाचे जुने कार्ड. दिराशी जमिनीवरून बोलणे बंद. शिवाय मावशींचे स्वतःचे नाव त्या कार्डात नव्हतेच. लग्नानंतर माहेरच्या कार्डातून ते कमी झाले आणि सासरच्या कार्डात चढवायचे राहून गेले, त्याला वीस वर्षे झाली. काउंटरवरची मुलगी उद्धट नव्हती. ती म्हणाली, कार्ड आणा, लगेच करून देते. तिचेही बरोबर होते. मुलगा रात्रीच्या गाडीने गावाला गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कार्ड हाती आले नाही आणि इकडे नवऱ्याचे दुखणे वाढले. बचत गटातून, सोनाराकडून आणि चार घरांतून उचल घेऊन मावशींनी पैसे भरले. माणूस वाचला. कर्ज फिटायला चार वर्षे लागली. मोठ्या मुलीचे कॉलेज त्यात गेले.

आता गंमत अशी की या घटनेची नोंद कुठेही नाही. योजनेच्या दृष्टीने असा रुग्ण आलाच नव्हता. रुग्णालयाच्या दृष्टीने तो पैसे भरून उपचार घेणारा एक नेहमीचा रुग्ण होता. त्याला कोणी अपात्र ठरवले नाही, त्याचा अर्ज फेटाळला नाही, त्याच्यावर अन्याय केला नाही. तो फक्त कागद आणायला गेला.

बँकेत एक गोष्ट फार लवकर शिकायला मिळते. कर्ज देताना दोन प्रकारच्या चुका होतात. ज्याला द्यायला नको त्याला दिले, ही एक. आणि ज्याला द्यायला हवे त्याला दिले नाही, ही दुसरी. पहिली चूक थकबाकीच्या रूपाने दर तिमाहीला डोके वर काढते. तिच्यासाठी इन्स्पेक्टर येतो, ऑडिटर येतो, झोनल ऑफिसचे पत्र येते. दुसरी चूक कधीच परत येत नाही. ज्याला म्हैस मिळाली नाही तो पुण्या-मुंबईला मजुरीला निघून जातो, आणि शाखेचा ताळेबंद स्वच्छ राहतो. साहजिकच साहेब मंडळी पहिल्या चुकीला भितात, दुसरीला भीत नाहीत.

सरकारी योजनांचेही तसेच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये आयुष्मान भारतवरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत आला. जवळजवळ साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाईल क्रमांकाला जोडलेले आहेत, हे त्यातले वाक्य देशभर मथळ्यांत झळकले. मोबाईल क्रमांकावर पात्रता ठरत नाही, असा खुलासा सरकारने केला. लेखापरीक्षण हवेच, आणि बोगस माणूस सापडलाच पाहिजे. तो जो पैसा खातो तो आपलाच असतो. पण जो खरा असून परत गेला, त्याच्या संख्येचा मथळा मी अजून पाहिलेला नाही. मथळा व्हायला आधी आकडा लागतो आणि आकड्याला आधी वही लागते. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात; इथे ओले किती जळाले हे मोजायलाच कोणी नाही.

मधल्या काळात नियम मात्र बदलले, आणि चांगल्या दिशेने बदलले. जून २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महात्मा फुले योजना सगळ्यांना खुली करण्याचा निर्णय घेतला. पिवळे, केशरी, पांढरे, कोणतेही कार्ड चालेल. नाहीतर डोमिसाईलचा दाखला चालेल. संरक्षण दीड लाखांवरून पाच लाखांवर गेले, मूत्रपिंड प्रत्यारोपणाचे अडीचावरून साडेचारावर. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले शुल्क माफ झाले, अगदी केस पेपरचेसुद्धा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राने सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, पाच लाखांचे संरक्षण दिले. देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या स्वतःच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला असे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. पंचवीस वर्षांत आपण ‘गरीब असल्याचे सिद्ध कर’ इथपासून ‘इथला रहिवासी आहेस ना, मग ये’ इथपर्यंत आलो, ही लहान मजल नव्हे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो घेणारी माणसे काही निर्दय नसतात. ते विचारतात, तुमच्यासारख्या पेन्शनवाल्याला हे कशाला? तुम्हाला फुकट दिल्याने गरिबाची खाट गेली त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. माझे कार्ड पांढरे आहे आणि आज कागदावर मीही पात्र आहे. पण याचे उत्तर पुन्हा चाळण लावण्यात नाही. जिल्हा रुग्णालयाचा केस पेपर फुकट झाला म्हणून तिथल्या रांगेत मोटारी लागलेल्या मी पाहिल्या नाहीत. श्रीमंत माणूस आपणहून गाळला जातो, कारण त्याला वातानुकूलित खोली आणि आवडीचा डॉक्टर हवा असतो. चाळणीने गाळला जातो तो दुसराच माणूस. ज्याच्याकडे कागद नाही तो.

आणि इथेच आजच्या नियमाची खरी परीक्षा आहे. कागदावर मी आणि मावशी आता एकाच रांगेत आहोत. पण माझ्याकडे एक निळी फाइल आहे. तिच्यात आधार, शिधापत्रिका, जन्मदाखला, पेन्शनचा आदेश, सगळ्यांच्या तीन-तीन झेरॉक्स. काउंटरवरच्या माणसाने नाही म्हटले तर त्याच्या वरच्या माणसाला कसे भेटायचे हे मला ठाऊक आहे. मावशींकडे प्लॅस्टिकची पिशवी आहे. धुणी धुऊन बोटांवरच्या रेषा झिजल्यामुळे अंगठा यंत्रावर उमटत नाही. आधारवरचे आडनाव माहेरचे, कार्डावरचे सासरचे. पात्रता सारखी झाली म्हणजे दोघे सारखे झाले असे नाही.

शिवाय दार उघडल्यावर आत काय आहे, हाही प्रश्न उरतोच. योजना आहे ती रुग्णालयात दाखल होण्यासाठी, ठरलेल्या उपचारांच्या यादीसाठी. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या महिन्याच्या गोळ्या तिच्यात नाहीत, आणि गरिबाचा पैसा थेंबाथेंबाने जातो तो तिथेच. योजनेतले रुग्णालय तालुक्यात नसेल तर पाच लाखांचे कार्ड खिशात घेऊन माणूस शंभर किलोमीटरचे भाडे भरतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ‘आज खाट रिकामी नाही’ या चार शब्दांत कोणतीही पात्रता रद्द करता येते. रुग्णालयांची बाजूही ऐकली पाहिजे. उपचारांचे ठरवलेले दर परवडत नाहीत आणि बिले रखडतात, अशी त्यांची तक्रार आहे, आणि ज्याने कधी सरकारी सबसिडीची वाट पाहिली आहे तो या तक्रारीला हसणार नाही. पण रखडलेल्या बिलाचा राग काउंटरवर निघाला तर तो सोसणारा माणूस ठरलेला असतो.

हे आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेत गरिबांसाठी मेडिकेड नावाची सरकारी योजना १९६५ पासून आहे. २०१४ पासून अनेक राज्यांनी ती गरीब प्रौढांना, मग त्यांना मुलेबाळे असोत वा नसोत, खुली केली. पुढे काहींना वाटले की धडधाकट माणसाने काम केले तरच त्याला ती मिळावी. आर्कान्सा राज्याने जून २०१८ मध्ये तसा नियम केला. महिन्याला ऐंशी तास काम करायचे आणि ते केल्याची नोंद संगणकावरून सरकारला कळवायची. काही महिन्यांत १८,००० हून अधिक माणसे योजनेतून बाहेर पडली. अभ्यासकांनी पाहणी केली तेव्हा आढळले की बहुसंख्य लोक एकतर काम करत होते किंवा आजारपणासारख्या सवलतीत बसत होते. काम होते, पण कळवणे जमले नव्हते. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने तो नियम थांबवला. तरीही जुलै २०२५ मध्ये झालेल्या नव्या कायद्याने हीच ऐंशी तासांची अट २०१४ नंतर आलेल्या प्रौढांना देशभर घातली असून, १ जानेवारी २०२७ पर्यंत राज्यांनी ती अमलात आणायची आहे. इतक्या श्रीमंत, इतक्या संगणकसाक्षर देशात जर पुरावा देण्याच्या कामात हजारो माणसे गळतात, तर आपल्या सेतू केंद्राच्या रांगेत किती गळत असतील?

म्हणून मला असे वाटते की पात्रतेचा नियम किती उदार आहे हे शासकीय निर्णयाच्या कागदावर वाचू नये. तो उपचारांविना परत गेलेल्या माणसांच्या संख्येत वाचावा. आणि त्यासाठी ती संख्या कुणीतरी लिहून ठेवली पाहिजे.

हा माझा कल्पनाविलास नाही. बँकांना हे कधीच लावलेले आहे. अग्रक्रम क्षेत्रातल्या कर्जाचा अर्ज आला की त्याची तारीख रजिस्टरमध्ये लिहायची. मंजूर केला तर केव्हा, नाकारला तर कोणत्या कारणासाठी, हेही लिहायचे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदाराला तर शाखेच्या पातळीवर नाही म्हणताच येत नाही. तो नकार वरच्या अधिकाऱ्याकडूनच यावा लागतो, आणि कारणासह. या नियमाने सगळे मॅनेजर संत झाले असे मी म्हणणार नाही. कारणांच्या रकान्यात मी जे वाचले आहे त्यावर एक विनोदी पुस्तक होईल. पण एक फरक निश्चित पडला. नाही म्हणण्याआधी पेन उचलावे लागते, हे ठाऊक असलेला माणूस ‘उद्या या’ म्हणताना जरा थांबतो. नाही म्हणणे फुकट असते तेव्हा ते फार होते.

आरोग्याच्या योजनेला हाच नियम का लावू नये? ज्याचे प्रकरण संगणकावर चढते, त्याला मंजुरी मिळाली की नाही याची नोंद राहते. जो चढण्याआधीच परत जातो त्याची राहत नाही. तेव्हा योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलावर एक साधी वही असावी. योजनेची चौकशी करायला आलेल्या प्रत्येकाचे नाव तिच्यात चढावे. परत पाठवले तर कारण लिहावे. कार्ड नाही, नाव जुळत नाही, अंगठा उमटत नाही, उपचार यादीत नाही, खाट नाही. त्या कारणाची एक लेखी चिठ्ठी रुग्णाच्या हातात द्यावी. नुसत्या कागदासाठी कोणालाही परत पाठवायचे असेल तर तो अधिकार काउंटरला नसावा, वरच्या अधिकाऱ्याला असावा. आणि दर तीन महिन्यांनी जिल्ह्याचा आकडा, किती आले, किती परत गेले आणि का, हा जाहीर व्हावा.

दुसरी गोष्ट, आधी उपचार आणि मग कागद. तातडीच्या रुग्णासाठी दूरध्वनीवरून परवानगी घेण्याची तरतूद या योजनेत आहेच, म्हणजे तत्त्व मान्य आहे. बँकेतही ओळखीचा एकही कागद नसलेल्या माणसाचे छोटे खाते केवळ फोटो आणि अधिकाऱ्यासमोर केलेली सही किंवा अंगठा यांवर उघडता येते. कागद आणायला त्याला बारा महिने मिळतात. पैशाच्या बाबतीत आम्ही इतका विश्वास टाकू शकलो. प्राणाच्या बाबतीत निदान पंधरा दिवसांचा टाकायला काय हरकत आहे? आता तर सगळेच पात्र आहेत. मग कागद मागायचा तो पात्रता ठरवायला नव्हे, हिशेब लावायला. हिशेब नंतरही लागतो.

वहीवर कोणी म्हणेल, आणखी एक रजिस्टर, आणखी एक कारकुनी. रुग्णांच्या गर्दीत आरोग्यमित्राने हे कधी लिहायचे? माझे उत्तर असे, की ज्या यंत्रणेला आलेल्या माणसाकडून पाच कागद मागायला वेळ आहे, तिला त्याला परत पाठवताना एक ओळ लिहायला वेळ काढता येईल. आणि पहिल्या वर्षी त्या वहीतले आकडे मोठे येतील, लाजिरवाणे येतील, त्यावर विधिमंडळात गोंधळही होईल. होऊ द्यावा. थकबाकी कधी नव्हे ती खरी दाखवायला लागल्यावर बँकांचेही असेच झाले होते. पण ती दाखवल्याशिवाय वसुलीला सुरुवात झाली नाही.

आज राज्यातल्या प्रत्येक रहिवाशाला पाच लाखांच्या उपचाराचा हक्क आहे. हा हक्क किती जणांनी वापरला याचा आकडा सरकार मोठ्या अभिमानाने जाहीर करते, आणि करावाच. त्याच पानावर, त्याच टाइपात, दुसरा आकडाही छापला जावा, एवढीच मागणी आहे. एखादा नातेवाईक कार्ड आणायला रात्रीच्या गाडीने निघाला, तर निदान तो निघाला होता हे तरी कुठेतरी लिहिलेले असावे.